बफेलोचे बुटके ढग

वळवाचा ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच चढतो, आधी धूळ उडवतो, मग गडगडतो. म्हणजे सांगून येतो. इथे अमेरिकेत, एरी सरोवराच्या पूर्व टोकाला वसलेल्या बफेलोत मी ज्या ढगांना वचकून असते ते जेमतेम तीन किलोमीटर उंचीचे, मळकट करड्या रंगाचे. फोटो काढावा असं त्यांच्यात काही नाही.

नोव्हेंबरात एरी सरोवराचं पाणी अजून उन्हाळ्याची ऊब धरून असतं आणि कॅनडाकडून येणारी हवा हाडं गोठवणारी. ती पाण्यावरून जाताना खालून तापते, वाफ उचलते आणि ढग धरतात. सरोवर पावणेचारशे किलोमीटरच्या वर लांब, रुंदीला मात्र शंभराच्या आत. वारा नैऋत्येचा, म्हणजे नेमका लांबीच्या रेषेत सुटला की हे ढग एका अरुंद पट्ट्यात गोळा होतात आणि पट्ट्याचं तोंड येतं आमच्यावर. याला इथे ‘लेक इफेक्ट’ म्हणतात. २०१४च्या नोव्हेंबरात शहराच्या दक्षिणेला पाच फुटांहून जास्त बर्फ पडला, उत्तरेला काही इंच! २०२२च्या नोव्हेंबरात ऑर्चर्ड पार्क या उपनगरात सुमारे ८० इंच पडला, तेव्हा तिथे खेळणाऱ्या बिल्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा घरचा सामना डेट्रॉइटला न्यावा लागला.

म्हणून स्वतःच्या खिडकीतून आभाळ बघून गाडी काढण्यात अर्थ नाही. मोठी वादळं वेगळी. त्यांच्या आधी बरेचदा पिंजलेले उंच ढग येतात, चंद्राला खळं पडतं, सूर्य दुधी काचेमागे गेल्यासारखा दिसतो. लेक इफेक्टच्या पट्ट्याला असली प्रस्तावना नसते. चार मैलांवर ऊन असतं आणि पुढच्या वळणावर बॉनेटही दिसत नाही.

हवामान खात्याचा ‘वॉच’ म्हणजे शक्यता, ‘वॉर्निंग’ म्हणजे येणारच किंवा आलंच. रस्त्याचा निर्णय काउंटीचा (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) किंवा त्या-त्या गावाचा. ‘ट्रॅव्हल ॲडव्हायजरी’ असेल तर गरज नसताना निघू नका, ‘ट्रॅव्हल बॅन’ असेल तर गाडी काढणंच बेकायदा. तातडीच्या सेवा तेवढ्या सुटतात. आई फोनवर विचारते, “मग सुट्टी दिली का?” सुट्टी कसली, घरून लॅपटॉप चालूच!

२०२२च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर आलेल्या हिमवादळात बॅन २३ तारखेच्या सकाळी जाहीर झाला. तोवर बरेच लोक कामाला बाहेर पडले होते आणि उशीर झाल्याबद्दल प्रशासनावर टीकाही झाली. त्या वादळात चाळीसहून अधिक माणसं गेली. काही गाडीत, काही रस्त्यावर, काही गारठलेल्या घरात. तेव्हापासून वॉर्निंग लागली की आम्ही बॅनची वाट पाहत नाही, जायचं की नाही ते आदल्या रात्रीच ठरवतो.

गाडीत फावडं, ब्लँकेट आणि खाऊ असतोच. अडकलात तर इंजिन चालू ठेवण्याआधी मागची धुराची नळी बर्फातून मोकळी करायची आणि पुन्हा पुन्हा करत राहायची. नळी बुजली की कार्बन मोनॉक्साइड आत साचतो, आणि त्याला वासही नसतो.