सकाळी प्लायमथ, रात्री सुपर बोल

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

रात्रीचे बारा वाजायला आलेत, तरी बाहेरचे हॉर्न थांबायचं नाव घेत नाहीत. आम्ही राहतो न्यू जर्सीत, चेरी हिलला, पण मनाने सगळं गाव नदीपलीकडच्या फिलाडेल्फियाचं. आज सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, तिथल्या ईगल्सनी कॅन्सस सिटी चीफ्सना ४०-२२ असं लोळवलंय. लोकांनी चढू नये म्हणून ब्रॉड स्ट्रीटवरच्या खांबांना ग्रीस फासायची पद्धत आहे, आणि ग्रीस फासलंय म्हणूनच चढून दाखवायचं ही इथल्या पोरांची पद्धत.

उद्या ऑफिस आहे. पण आज एकाच दिवसात दोन्ही तऱ्हेचे फुटबॉल, सकाळी पायाने खेळायचा (इथे त्याला सॉकर म्हणतात) आणि रात्री अमेरिकन, बघून झाले आणि झोप काही येत नाही, तर लिहूनच घेतो.

सकाळी इंग्लंडमधल्या वरच्या-खालच्या संघांच्या एफए कपची चौथी फेरी होती, प्लायमथ अर्गाइल विरुद्ध लिव्हरपूल. लिव्हरपूल प्रीमियर लीगमध्ये पहिलं, प्लायमथ त्याखालच्या चॅम्पियनशिपमध्ये अगदी तळाला. इंग्लंडमधले संघ ओळीने उभे केले तर एक पहिला आणि दुसरा चव्वेचाळिसावा. लिव्हरपूलने सालाह, व्हॅन डाईक या बड्या खेळाडूंना आणलंच नव्हतं हे खरं, पण बाकीचे काय कमी होते? ५३व्या मिनिटाला रायन हार्डीने पेनल्टी घातली. १-०.

तिथून पुढे माझी बसायची जागाच सुटली. मी लिव्हरपूलवाला नाही, प्लायमथशी तर देणंघेणं शून्य. पण एका गोलाची आघाडी सांभाळणारा तळाचा संघ दिसला की माणूस आपोआप त्यांच्यात जाऊन उभा राहतो. आणि ते घड्याळ! ९० झाले तरी मॅच संपलेली नसते. चौथा पंच बोर्ड वर करतो, त्यावरचा आकडाही 'किमान इतकी' एवढंच सांगणारा. बाकी सगळं रेफ्रीच्या मनात. अगदी शेवटी लिव्हरपूलचे सगळे पुढे चढलेले असताना प्लायमथच्या गोलकीपरने, हॅझर्डने, गोल वाचवले तेव्हा मी घरात एकटाच ओरडलो. ही वरून विचारायला आली, काय झालं म्हणून. काय सांगणार? काहीच झालं नव्हतं. गोल झाला नाही, एवढंच झालं होतं.

संध्याकाळी आमच्याकडे मंडळी जमली. साडेसहाला न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये मॅच सुरू, इकडे ओट्यावर बटाटवडे सुरू. अमेरिकन फुटबॉलचा हा मोठा गुण आहे. एक ड्राइव्ह (एका संघाची चेंडू पुढे न्यायची पाळी) संपून दुसरी सुरू व्हायच्या आत वड्यांचा एक घाणा आरामात निघतो आणि काही चुकत नाही. सकाळच्या मॅचला मला साधा चहा टाकायला उठता आलं नव्हतं.

पुण्याहून आमचे मेहुणे दर वर्षी एकच विचारतात, "अहो, पण ह्यात खेळ कुठंय?" त्यांचंही बरोबर. घड्याळावर साठ मिनिटं, प्रत्यक्षात तीन तासांच्या वर, आणि चेंडू खरोखर हलतो तो अकरा मिनिटांच्या आसपास. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. पाच-सहा सेकंद धक्काबुक्की, की सगळे परत घोळक्यात. पुढचा चेंडू टाकायला चाळीस सेकंद.

मला वाटतं, बघणाऱ्याचा खेळ त्या चाळीस सेकंदांतच असतो. आमचे चिरंजीव इथेच वाढलेले. सोफ्याच्या कडेवर बसून त्यांची कॉमेंटरी चालू असते, "थर्ड अँड लाँग आहे बाबा, आता पास. टाकूच दे त्याला." म्हणजे तिसरा प्रयत्न, आणि अजून बरंच अंतर बाकी. मग शेजारचे आजोबा म्हणणार, नाही, पळवणार. दोघांत पैज. पाच सेकंदांत निकाल. परत नवा पेपर. आज ईगल्सच्या बचावाने सबंध मॅचभर एकदाही ब्लिट्झ केला नाही, म्हणजे जादा माणूस क्वार्टरबॅकच्या, पास टाकणाऱ्याच्या, अंगावर धाडलाच नाही. पुढच्या चौघांनीच चीफ्सच्या क्वार्टरबॅकला, महोम्सला, घेरलं, सहा वेळा आडवं केलं, आणि उरलेले सात जण मागे पासच्या वाटा अडवून उभे. चिरंजीवांनी हे मला पहिल्याच क्वार्टरमध्ये दाखवलं. त्यानंतर मी चेंडूकडे बघायचंच सोडलं. त्या चौघांकडे बघत बसलो, आणि काय सांगू, मॅच वेगळीच दिसायला लागली. दुसऱ्या क्वार्टरमध्ये ईगल्सच्या कूपर डिजीनने महोम्सचा पास मधल्यामध्ये पकडून ३८ यार्ड पळत शेवटच्या रेषेपार नेला, टचडाउन केला. गड्याचा आजच बाविसावा वाढदिवस! टीव्हीने ते पुन्हा पुन्हा दाखवलं, इतकं की स्वतः महोम्सच्या आधी आपल्यालाच तो पास चुकतोय हे कळावं.

म्हणूनच माझं मत असं पडलंय की हा खेळ घरी बघावा. स्क्रीनवर कुठवर पोचलं की पहिला डाउन, म्हणजे नवे चार प्रयत्न, मिळतात ते दाखवणारी पिवळी रेघ असते. १९९८ साली ती आली, आता तिच्याशिवाय चैन पडत नाही. स्टेडियमवर रेघ नाही, रीप्लेसाठी मान वर करून पडद्याकडे बघायचं, आणि टीव्हीवर जाहिराती चालू आहेत म्हणून दोन्ही संघ कमरेवर हात ठेवून उभे. डिसेंबरच्या थंडीत हा प्रकार अनुभवलाय. पार्किंगमध्ये मॅचआधी चालते ती शेगडी-मेजवानी मात्र झकास, मॅचपेक्षा तीच जास्त लक्षात आहे.

सॉकरचं नेमकं उलटं. कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार बघत वाढलेल्या माणसाला टीव्हीवरचा सॉकर निम्माच वाटतो. चेंडू लांब असताना डावा बॅक हळूच कुठे सरकतोय हे पायऱ्यांवरून दिसतं, कॅमेरा ते दाखवत नाही. शिवाय पंचेचाळीस मिनिटं खंड नाही म्हटल्यावर मधली रिकामी जागा लोकांनाच भरावी लागते, गाण्यांनी नाहीतर शिव्यांनी. प्लायमथचं मैदान सतरा-अठरा हजारांचं, पण आवाज ऐकायला हवा होता.

मध्यंतराला स्कोर २४-०. मग रॅपर केंड्रिक लामारचा कार्यक्रम, मग जाहिराती. यंदा तीस सेकंदांना ८० लाख डॉलरपर्यंत भाव गेला म्हणे. खरं तर मॅच तिथेच संपली होती, पण आमच्या खोलीत कुणी तसं बोलायला तयार नाही. शेजारचे आजोबा तेवढं पुटपुटले, "अठ्ठावीस-तीन." २०१७ च्या सुपर बोलमध्ये अटलांटा फाल्कन्स २८-३ ने पुढे होते आणि जादा वेळेत ३४-२८ ने हरले. तेव्हापासून इथे कुणी आघाडीवर विश्वास ठेवत नाही. ३४-० झाल्यावर कुठे त्यांनी दुसरा वडा घेतला.

पण ती भीती आज खोटीच होती, आणि इथेच मला सकाळचा खेळ उजवा वाटतो. शेवटी ईगल्सनी मुख्य खेळाडू बाहेर काढले, चीफ्सनी उगीच दोन टचडाउन करून स्कोर जरा बरा दिसेल असा केला, आणि वेळ उरलेला असतानाच, जिंकल्यावर ओततात तसं, कोचवर पिंपभर सरबत ओतून झालं. सकाळी १-० असताना असं करायची कुणाची टाप होती? अमेरिकन फुटबॉलमध्ये संधी इतक्या मिळतात की त्या दिवशी जो सरस तो बहुधा जिंकतो. न्याय्य आहे, मान्य. शिवाय सर्वांत वाईट संघाला पुढच्या वर्षी नवा खेळाडू निवडायचा पहिला मान, खालच्या लीगमध्ये ढकलला जायची भीती नाही. फार सज्जन व्यवस्था. पण चव्वेचाळिसाव्याने पहिल्याला गाठायचं, त्यासाठी गोल दुर्मीळच असावे लागतात. त्या दुर्मीळपणाची किंमत म्हणून कितीतरी रटाळ दुपारी सोसाव्या लागतात. मी सोसतो.

पुढच्या वर्षी सॉकरचा विश्वचषक इथेच येतोय, ईगल्सच्याच मैदानावर. ४ जुलैला तिथे बाद फेरीची मॅच आहे. चिरंजीवांना तिकीट हवं ते त्याच दिवसाचं, कारण गटातल्या मॅचेस बरोबरीत सुटू शकतात आणि "मग एवढे पैसे कशाला, बाबा?" मी म्हटलं, तू चार जुलैचं बघ, मला गटातलं कुठलंही चालेल. अगदी ०-० झाली तरी.