व्हिसाशिवाय दोन देश, रेल्वेने

मलेशियाने १ डिसेंबर २०२३पासून भारतीय पासपोर्टधारकांना तीस दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश दिला आणि थायलंडने १५ जुलै २०२४पासून भारतासह ९३ देशांच्या नागरिकांना साठ दिवसांची मुभा दिली, तेव्हापासून हे दोन्ही देश एकाच प्रवासात, मधली सीमा रेल्वेने ओलांडून पाहावेत, असे मी आणि माझ्या धाकट्या बहिणीने ठरवले होते. २०२५च्या अखेरीस तो योग आला. क्वालालंपूरमधले दिवस चांगले गेले आणि पेनांगमधले त्याहून चांगले गेले. मला लिहायचे आहे ते मात्र निघतानाच्या चेक-इन काउंटरबद्दल आणि पादांग बेसार या सीमेवरच्या स्टेशनाबद्दल.

काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट पाहिले आणि परतीचे तिकीट मागितले. आम्ही बँकॉकहून परत येण्याचे विमानाचे तिकीट दाखवले. "मॅडम, हे तर थायलंडहून आहे. मलेशियातून बाहेर कशा पडणार?" तिचा प्रश्न रास्त होता, पण आमच्या उत्तराला कागदाचा आधार देता येत नव्हता. पेनांगसमोरच्या बटरवर्थ स्टेशनाहून पादांग बेसारला जाणारी कोम्युटर गाडी लोकलसारखी असते आणि तिचे तिकीट आम्ही त्याच दिवशी स्टेशनावर काढणार होतो. ते आधी काढले असते तरी उपयोग नव्हता, कारण पादांग बेसार स्टेशन मलेशियाच्याच हद्दीत आहे. तिथून पुढे हातयाईला जाणारी थायलंडची गाडी वेगळी आणि तिचे तिकीटही वेगळे. प्रवासी विमानाने येईल आणि विमानानेच जाईल, असे गृहीत धरून विचारलेल्या प्रश्नात रेल्वेचा प्रवासी कुठेच बसत नाही. तिने वरिष्ठांना बोलावले. त्यांनी टायमॅटिक या प्रणालीत आमचे नागरिकत्व आणि मार्ग घालून नियम पुन्हा वाचला. कोणत्या देशाच्या प्रवाशाला कुठे कोणती कागदपत्रे लागतात याची ही माहिती विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना ठेवते आणि जगभरचे काउंटर तिच्यावर चालतात. तीस दिवसांच्या आतले बँकॉकचे तिकीट शेवटी ग्राह्य धरले गेले.

आम्ही थांबलो होतो तेवढ्या वेळात शेजारच्या काउंटरवर एका आजींचा प्रवास तिथेच संपला. मुलगा, सून आणि नातवंडांबरोबर त्या निघाल्या होत्या. त्यांच्या पासपोर्टची मुदत संपायला अजून चार महिने होते आणि मलेशियाला प्रवेशाच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक असलेला पासपोर्ट लागतो. "तारीख अजून गेलेली नाही ना, मग पासपोर्ट चालत कसा नाही?" असे त्या अगदी शांतपणे पुन:पुन्हा विचारत होत्या आणि त्यांना उत्तर देण्याइतकी उसंत कोणालाच नव्हती. मुलगा फोनवर, सून मुलांना सावरण्यात आणि कर्मचारी पुढच्या प्रवाशाकडे वळलेला.

त्यांना द्यायला हवे होते ते उत्तर असे. पाहुणा आजारी पडला, अडकून पडला किंवा त्याला परत पाठवायची वेळ आली, तरी तोवर त्याचा पासपोर्ट जिवंत असावा, यासाठी अनेक देश मुदतीत सहा महिन्यांचे अंतर राखायला सांगतात. प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत नेण्याची जबाबदारी, आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या १९४४च्या शिकागो कराराच्या नवव्या परिशिष्टानुसार, त्याला आणणाऱ्या विमान कंपनीवर येते आणि कित्येक देश त्यावर कंपनीला दंडही करतात. त्यामुळे सीमेवरच्या अधिकाऱ्याच्या कितीतरी आधी चेक-इन काउंटरच निवाडा करतो. हे सगळे मला समजते आणि पटतेही. पण व्हिसा लागत असताना निदान कोणीतरी काही आठवडे आधी हाच पासपोर्ट हातात घेऊन तपासत असे आणि उणीव निघाली तर ती भरून काढायला वेळ मिळे. व्हिसा गेला, अटी मात्र राहिल्या, आणि त्या तपासण्याची वेळ सरकत सरकत विमान सुटण्याआधीच्या दोन-तीन तासांवर येऊन ठेपली, जेव्हा काहीच दुरुस्त करता येत नाही. तिकीट काढतानाच अनेकदा पासपोर्टची मुदत भरून घेतली जाते. ती तारीख प्रवासाच्या तारखेशी ताडून तिथल्या तिथे प्रवाशाला सावध करणे काहीच अवघड नाही, आणि पैसे घेऊनही ते केले जात नाही याचा मला आजही संताप येतो.

आगमनपत्रांचेही तसेच. मलेशियाचे डिजिटल आगमनपत्र १ जानेवारी २०२४पासून आणि थायलंडचे १ मे २०२५पासून सक्तीचे आहे. दोन्ही पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायची असतात आणि दोन्ही मोफत आहेत. तरीही शोध घेतल्यावर सरकारी वाटणारी आणि पैसे मागणारी संकेतस्थळे समोर येतात. व्हिसाच्या शुल्काची सवय असलेल्या माणसाला त्यात काही गैर वाटत नाही, आणि नेमका त्याचाच फायदा घेतला जातो.

पादांग बेसार हे स्टेशन मला फार आवडले. मलेशियाची आणि थायलंडची इमिग्रेशनची खिडकी एकाच इमारतीत आहे. एका खिडकीवर मलेशिया सोडल्याची नोंद होते, काही पावले चालले की दुसऱ्या खिडकीवर थायलंडमध्ये प्रवेश मिळतो, आणि पाय अजून मलेशियाच्याच जमिनीवर असतात. थायलंडच्या अधिकाऱ्याने आगमनपत्र, पहिल्या मुक्कामाचा पत्ता आणि परतीचे तिकीट पाहिले. विमानतळावर ज्या बँकॉकच्या तिकिटाने आम्हाला खोळंबून ठेवले, तेच इथे हवे असलेले नेमके उत्तर ठरले. आमच्या मागच्या तरुणाच्या पासपोर्टची पाने मात्र थायलंडच्याच शिक्क्यांनी भरलेली होती आणि त्याला बाजूला बसवून बरेच प्रश्न विचारले गेले. ही सवलत पर्यटनासाठी आहे. तिच्या आधारे बाहेर पडून लगेच परत येत वर्षभर राहणाऱ्याला कितव्या खेपेला थांबवायचे, हे खिडकीमागचा अधिकारी ठरवतो, आणि प्रवेश हा हक्क म्हणून मागता येत नाही. अधिकाऱ्यांचे बोलणे मात्र शेवटपर्यंत सौजन्याचे होते. तसे सौजन्य आमच्या वाट्याला विमानतळावर आले नव्हते.

शिक्का मारल्यावर आम्ही दोघी तिथेच उभ्या राहून तारीख मोजू लागलो. थायलंडमध्ये प्रवेशाचा दिवस हाच पहिला दिवस धरला जातो, त्यामुळे साठ दिवस म्हणजे दोन महिने असा ढोबळ हिशेब करणारा माणूस एक-दोन दिवसांनी सहज चुकतो. जास्त राहिल्यास दिवसाला ५०० बात (थायलंडचे चलन) आणि जास्तीत जास्त २०,००० बात दंड आहे, शिवाय पासपोर्टवर नोंद राहते ती पुढच्या वेळी त्रास देते. कोणत्याही बातमीत साठ म्हटले असो किंवा तीस, प्रवाशाला बांधून ठेवते ती शिक्क्यावर लिहिलेली तारीख, आणि तिच्यात काही चुकले असेल तर ते त्या खिडकीवर एका मिनिटात सुधारता येते. रांगेतल्या लोकांची कुरबुर कानावर येत होती, पण दोघींच्या तारखा जुळल्याची खात्री झाल्यावरच आम्ही बाजूला झालो. मग घड्याळे एक तास मागे घेतली आणि हातयाईच्या गाडीची वाट पाहत फलाटावर बसलो.