आबांची बँक आणि माझा डेंटिस्ट

गेल्या मंगळवारची गोष्ट. अमेरिकेतल्या एका सप्लायरबरोबर संध्याकाळी मीटिंग लावायची होती म्हणून टीमलीडचं कॅलेंडर उघडलं, तर पाचनंतर ब्लॉक आणि त्यावर लिहिलंय काय, तर 'ट्रम्पेट'. बस्स. पन्नाशीचा माणूस, हाताखाली चौदा जणं, आणि सगळ्या ऑफिसला दिसेल असं लिहून ठेवतोय की मी तुतारी वाजवायला चाललोय. (तुतारी म्हणलं की तुम्हाला निवडणूक आठवणार, ते सोडा. इथं जर्मनीत गावोगावी बँडची मंडळं असतात, त्यातलं हे.) मी भीतभीत विचारलं, सप्लायर तेवढ्याच वेळेला मोकळा आहे, काय करूया? तर म्हणाला, मग बुधवारी बघू. आवाजात जरासुद्धा ओशाळेपणा नाही.

मला हसू आलं आणि लगेच घशात अडकलं, कारण त्याच मंगळवारी पाचनंतर माझ्या कॅलेंडरमध्ये 'डेंटिस्ट' लिहिलेलं होतं. दात ठणठणीत आहेत माझे. मी फुटबॉल खेळायला जातो. चार महिने दर मंगळवारी डेंटिस्ट, म्हणजे ऑफिसच्या हिशोबानं आता माझ्या तोंडात एक दाढ शिल्लक नसणार.

श्टुटगार्टजवळच्या या गावातल्या क्लबात 'आल्टे हेरेन' नावाची टीम आहे, शब्दशः म्हातारे बाप्ये, पण बत्तिशी ओलांडली की घेतात. सुतार, बँकवाले, एक दाताचा डॉक्टरसुद्धा आहे (म्हणजे मी अगदीच खोटं लिहीत नव्हतो म्हणायचं). या देशात असले सुमारे 86 हजार स्पोर्ट्स क्लब आहेत, आणि क्लब रजिस्टर करायला सात माणसं जमली तरी चालतात. सात माणसं तर आमच्या कोल्हापूरच्या गंगावेशीत दूध प्यायला थांबली तरी जमतात.

पण खरं सांगू का, यांचं खेळणं बघून माझं डोकं फिरतं. सोमवारी ग्रुपवर मेसेज येतो, येणार, नाही, कदाचित. 'कदाचित' टाकलं की दोन जण विचारतात, नक्की कधी सांगतोस. आणि दंड! लॅमिनेट केलेला कागद आहे चेंजिंग रूमच्या दारामागं. उशीर झाला दोन युरो, बूट विसरले पाच युरो, मोबाईल वाजला एक युरो, वाढदिवसाला बिअरचं क्रेट आणलं नाही तर त्याचा वेगळा. पहिल्या महिन्यात मी अकरा युरो भरले. खेळायला कुणी दंड घेतो का? मी त्या खजिनदाराशी चक्क वाद घातला, म्हणलं आमच्यात उशिरा आलेल्याला फार तर दोन शिव्या बसतात आणि खेळायला घेतात. तो शांतपणे म्हणाला, उशिराचे दोन, वाद घातल्याचा एक. कागदावर तेही होतं. आणि ठरल्या वेळेला फ्लडलाईट बंद, स्कोअर काय का असेना. रंकाळ्यावर अंधार पडला तरी बॉल आवाजावर खेळायचो आम्ही, विचारायला कुणी यायचं नाही.

आणि खेळ काय असतो हे कोल्हापूरकराला कुणी शिकवायची गरज नाही. 1902 साली शाहू महाराज युरोपात आले, रोमचं मैदान बघितलं आणि घरी जाऊन 1912 ला खासबागचं कुस्ती मैदान उभं केलं. आज पण केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या) फुटबॉल लीगची मॅच असली की निम्मी शिवाजी पेठ आणि निम्मी मंगळवार पेठ शाहू स्टेडियममध्ये असते. इथल्या म्हाताऱ्या बाप्यांची मॅच बघायला यांच्या बायकासुद्धा येत नाहीत.

पण स्टेडियममध्ये असते ती पेठ पायऱ्यांवर असते, हेही आहे.

आमचे आबा उद्यमनगरात लेथवर जॉबवर्क करायचे. पाटाकडील तालमीच्या टीमची मॅच असली की दुपारी शटर अर्धं खाली आणि आलेल्या गिऱ्हाइकाला, पोराला, आईला एकच निरोप, "बँकेत जाऊन येतो." संध्याकाळी घसा बसलेला घेऊन घरी. आई ताट वाढताना विचारायची, "बँकेत ओरडायला लागतंय होय आता?" एकदा तर रविवारी गेले बँकेत. पण हा माणूस स्वतः लेफ्ट आऊटला खेळायचा, लग्नापर्यंत. मग बूट माळ्यावर गेले. मी एकदा विचारलं का सोडलं, तर म्हणाले, "बापय माणूस चड्डी घालून पळताना बरा दिसतोय व्हय रं?" बघायला चालतंय, खेळायला नाही. आणि बघायला जायचं तर बँकेचं नाव घेऊन.

हे सगळं मी बायकोला रंगवून सांगत होतो तर ती भांडी लावता लावता म्हणाली, "तुझ्या आबांना बँक तरी होती. आईंना काय होतं?" मी म्हणलं, गौरीला झिम्मा-फुगडी असायची की. ती म्हणाली, "वर्षातनं एकदा, ती पण देवाच्या नावानं." यावर मी काही बोललो नाही, कारण ती स्वतः अजून कुठल्या क्लबात गेलेली नाही आणि मंगळवारी पोरांना तीच बघते.

इथल्या कायद्याचंच बघा. 1963 चा रजेचा कायदा आहे, त्यात लिहिलंय की रजेवर असताना रजेचा हेतू बिघडेल असं पैशाचं काम करायचं नाही. आणि रजेत आजारी पडलात, डॉक्टरचा कागद आणलात, तर तेवढे दिवस रजेत धरत नाहीत. आमच्याकडं रजा मिळावी म्हणून आजारी पडावं लागतं, इथं आजारी पडलं तर रजा परत मिळते. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं चुकीचं समजलं असणार, माझं जर्मन तसं कच्चंच.

आता कुणी म्हणेल, बघा, तिकडं जाऊन मजा मारतोय. तसं नाही. कामाच्या वेळेत मी यांच्यापेक्षा कणभर जास्तच करतो, पाचला उठतो तेव्हा टेबल रिकामं असतं, आणि आबांचं शटर अर्धं असलं तरी जॉब कधी लेट गेला नव्हता हे उद्यमनगरात कुणालाही विचारा. मग मी कॅलेंडरमध्ये खोटं का लिहितो, याचं उत्तर मलाच नीट देता येत नाही.

काल पुढच्या मंगळवारचा 'डेंटिस्ट' खोडला. 'फुटबॉल' टाईप केलं, दोन मिनिटं बघत बसलो, पुसलं. जर्मन लोकांचा एक फार सोयीचा शब्द आहे, 'टर्मिन'. डॉक्टर, बँक, न्हावी, काहीही असो, टर्मिन म्हणायचं, पुढं कुणी विचारत नाही. तेवढं टाकलं. आणि बूट आत्ताच बॅगेत घातले, पाच युरो आहेत त्याला.