पायथ्याचे पाइप कोरडे पडले तेव्हा

"मॅडम, यंदा गळती जवळजवळ बंदच झाली आहे," बांधाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या सुपरवायझरने समाधानाने सांगितलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

पावसाळा संपत आला होता. बांधामागचा तलाव चांगलाच चढलेला, आणि आदल्या वर्षी बांधाची उंचीही एका टप्प्याने वाढवलेली. अशा वेळी पायथ्याच्या निचऱ्याच्या पाइपांतून जास्त पाणी यायला हवं. ते आटलं असेल, तर मग पाणी गेलं कुठे?

हा टेलिंग्ज डॅम होता. खनिज काढून घेतल्यावर उरलेला, पिठासारखा दळलेला दगड पाण्यात कालवून अशा बांधामागे सोडतात. पाण्याचं धरण एकदा बांधलं की झालं. हा बांध मात्र खाण चालू असेपर्यंत वाढत राहतो. इथे तो 'अपस्ट्रीम' पद्धतीने वाढवत नेला होता, म्हणजे प्रत्येक नवा टप्पा आधी साठलेल्या गाळाच्याच डोक्यावर. त्या गाळातून पाणी निथळत राहिलं तरच सगळा डोलारा उभा राहतो. सैल गाळ पाण्याने भरला तरी वरून भक्कमच दिसतो. पण तो थोडासा जरी सरकला, तरी कण एकमेकांजवळ येऊ पाहतात, मधल्या पाण्याला निसटायला वेळ मिळत नाही, सगळा भार त्या पाण्यावर येतो आणि काही सेकंदांत जमिनीचा वाहता चिखल होतो. याला द्रवीभवन म्हणतात. त्यानंतर पळायलाही वेळ नसतो.

मी पाइपांपाशी उकिडवी बसले. तोंडाशी नारिंगी, बुळबुळीत साका जमला होता. पाण्यात विरघळलेल्या लोहाला हवा लागली की तो असा साचतो. एक बारीक सळई आत सारली, ती हातभर जाऊन अडली. शेजारच्या पाइपातही तेच. गळती थांबली नव्हती, बाहेर पडायची वाट बंद झाली होती. तपासणीच्या फॉर्मवर मात्र 'गळती : नाही' यापुढे दर महिन्याला बरोबरची खूण होती. हा रकाना मला फार धोकादायक वाटतो. 'आहे की नाही' एवढंच विचारून काही कळत नाही. किती आहे, गढूळ आहे का, आणि तलावाची पातळी वाढताना ती वाढली की घटली, हे विचारायला हवं.

ऑफिसात पिझोमीटरचं रजिस्टर मागवलं. बांधाच्या आत पाणी कुठवर चढलंय ते पिझोमीटरवरून, म्हणजे बांधात उभ्या सोडलेल्या नळ्यांवरून कळतं. मधल्या पट्ट्यातल्या दोन नळ्यांचे आकडे चढत गेले होते आणि शेवटच्या नोंदींवर कुणीतरी पेन्सिलीने 'टेप खराब' असं लिहिलं होतं. टेप खरंच खराब असेलही. म्हणून दुसरी टेप घेऊन आम्ही वर गेलो. टेपचं टोक पाण्याला टेकलं की वाजतं. सुपरवायझर टेप सोडत होता, मी वाकून मीटरच्या खुणा वाचत होते. आवाज आला तेव्हा टेपचा बराचसा भाग रिळावरच होता. त्याने न बोलता टेप वर ओढली, पुसली आणि पुन्हा सोडली. पुन्हा तिथेच वाजली. शेजारच्या नळीतही तसंच. उतरताना एका टप्प्यावर गवताचा हिरवागार पट्टा दिसला, आजूबाजूला सगळं वाळलेलं. त्यावर पाय ठेवला तर बूट रुतला.

बैठकीत मी तीन गोष्टी मागितल्या: गाळ सोडणं ताबडतोब थांबवा, तलावातलं पाणी उपसून बांधापासून मागे न्या, आणि बांधाच्या थेट खाली असलेलं वर्कशॉप व जेवणाची शेड आजच रिकामी करा. पहिल्या दोन मागण्यांवर उत्पादनाचा हिशेब निघाला, पण मान्य झाल्या. तिसऱ्यावर मॅनेजर म्हणाले, "बांध तर हललासुद्धा नाही."

मी ब्राझीलच्या ब्रुमादिन्योची आठवण दिली. 25 जानेवारी 2019. 86 मीटर उंचीचा, याच पद्धतीने वाढवलेला बांध. 2016 पासून त्यात गाळ सोडणंही बंद होतं, आणि तो स्थिर असल्याचा दाखला काही महिन्यांपूर्वीच मिळाला होता. दुपारच्या जेवणाच्या वेळी तो कोसळला. कामगारांचं कँटीन त्याच्या खालीच होतं. 270 माणसं गेली. तज्ज्ञांच्या समितीने कारण दिलं ते द्रवीभवनाचं, आणि फुटण्याआधी बांध ठळकपणे सरकताना दिसला नव्हता हेही नोंदवलं. म्हणून 'हलला नाही' या वाक्याने मला धीर येत नाही. शेड त्या संध्याकाळी रिकामी झाली.

नवे निचरे लगेच ड्रिल करा, असा आग्रह सुरू झाला. मी अडून बसले. पाण्याने भरलेल्या सैल गाळात दाबाने पाणी मारत ड्रिल चालवणं म्हणजे आजारी माणसावर आणखी एक घाव. आधी पायथ्याला वाळू, खडी आणि मग मोठे दगड अशा थरांचा भराव घातला, म्हणजे पाणी बाहेर येईल, बारीक कण आतच राहतील आणि उताराला वजनाचा आधार मिळेल. कंपन करणारा रोलर जवळपासही फिरकू दिला नाही. त्यानंतर, पाण्याचा दाब न वापरता, पिझोमीटरवर सतत नजर ठेवत आडवे निचरे घातले. पहिलं पाणी गढूळ आलं. बाटलीत धरून उजेडात पाहत राहिलो. हळूहळू ते निवळलं, आणि नळ्यांतली पातळी उतरू लागली.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो जुने नकाशे शोधण्यात. मूळ आराखडा करणारा अभियंता केव्हाच निघून गेला होता आणि आतले निचरे नेमके कुठून जातात ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. ऑगस्ट 2020 मध्ये आलेल्या जागतिक मानकाने प्रत्येक टेलिंग्ज डॅमसाठी नेमलेला अभियंता असावा अशी अपेक्षा ठेवली आहे, ती मला पटते ती यासाठीच. कंपन्या हात बदलतात, माणसं बदलतात, बांध मात्र खाण बंद झाल्यावरही तिथेच असतो.

वर्कशॉप परत जुन्या जागी आणू द्या, असं पत्र नंतर आलं. आकडे सुधारले होते हे खरं. मी नाही म्हणून कळवलं, आणि पुढच्या प्रत्येक अहवालात ते लिहीत आले आहे.