गनमेटल म्हणजे गनमेटलच : आमची वाटचाल

कुर्डुवाडीत कुणाला मूळ गाव विचारू नका. सगळेच कुठून ना कुठून रुळांच्या मागनं आलेले. जी.आय.पी.ची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, लाइन 1860 मध्ये सोलापूरला पोचली, तेव्हा आमच्या स्टेशनाला स्वतःचं नावसुद्धा नव्हतं. पाटीवर 'बार्शी रोड'. गावाचं नशीब उघडलं ते 1897 मध्ये, कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरसाहेबानं अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे टाकली तेव्हा. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, हा त्याचा हिशेब. पण रूळ दोन मापांचे, त्यामुळे बार्शीचा माल इथं एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागे. हमाल आले, खानावळी आल्या, लोहार-फिटर आले. ही छोटी लाइन 1906 ला पंढरपूरला, 1911 ला लातूरला, 1927 ला मिरजेला पोचली. आमचे आजोबा त्याच लोंढ्यातले, फिटर.

वडिलांनी नोकरी न धरता शेड टाकलं. पट्ट्यावर चालणारा जुना लेथ, म्हणजे कातयंत्र, आणि जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, पकडायला चार जबड्यांचा चक. जॉब बरोबर मधोमध बसला का, हे मोजायला डायल नव्हता. जॉब फिरवायचा, खडू हळूच टेकवायचा. खूण उठेल त्याच्या समोरचा जबडा सैल, खुणेकडचा आवळ. आजच्या पोरांनो, डायल खुशाल घ्या, पण हात आधी खडूवर बसवा.

मधली वर्षं बरी गेली.

मग वडिलांच्या हाताखाली शिकून भागीदार झालेल्यानं रस्त्यापलीकडं दुकान मांडलं. बुश, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसणारी धातूची नळी, निम्म्या दरात! गनमेटल म्हणजे शंभरात तांबं 88, कथील 10, जस्त 2. हा भागीदार ओतायचा भंगारातले पितळी नळ-तोट्या. कथील काय भाव आहे, धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. तरी गिऱ्हाईक तिकडंच. त्यातच पंढरपूर, लातूर करत छोटी लाइन मोठी झाली, माल बदलायचं काम संपलं, हातगाड्यांची चाकं-बुश यायची बंद झाली. लेथ विकायला काढला होता. भंगारवाला वजनावर मागत होता.

टिकलो ते माढ्याकडच्या आबांमुळं. त्यांचं गुऱ्हाळ. ऐन हंगामात ऊस पिळायचा चरक अडकला, तसे पलीकडचा झिजलेला बुश घेऊन रात्रीच आले. म्हणाले, "ह्यो पंधरा दिस टिकला न्हाई. तुमी तुमचा द्या, आन् पैसं आत्ता घ्या." सगळ्या हंगामाचे आगाऊ दिले, शिवाय शेजारच्या दोन गुऱ्हाळांना आमच्याकडं पाठवलं. लेथ राहिला.

बुश घेताना काठाला कानस मारून उजेडात बघा. गनमेटलला तांबूस झाक येते; पिवळंधमक दिसलं तर परत करा, बिल दाखवू द्या कितीही.

पलीकडच्या बोर्डावर 'स्थापना' म्हणून अजून आमच्याच शेडचं साल आहे. बदल म्हटलं, की पेंटर मिळत नाही म्हणतो.