किमोच्या खुर्चीत बसल्या बसल्या

आज किमोच्या वॉर्डात बीड, जालना, परभणीकडून आलेल्या माणसांच्या तोंडी एकच तक्रार होती : "ध्यानाला डोळे मिटून बसावं तर विचार थांबतच नाहीत." ते थांबवायचे नाहीतच. विचार आला की 'आला' एवढंच मनात म्हणायचं आणि पुन्हा श्वासाकडे यायचं. हे कितीही वेळा करावं लागलं तरी सराव तोच.

सलाईन चालू असताना सुईचा हात उशीवर सैल ठेवा, दुसरा तळहात पोटावर. नाकाने 4 मोजेपर्यंत श्वास आत, 6 मोजेपर्यंत बाहेर. रोखू नका. 5 मिनिटं पुरतात. चक्कर किंवा बोटांना मुंग्या आल्या तर श्वास फार जोराने चाललाय, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतोय. नेहमीसारखा श्वास घ्या. डोळे मिटून भीती वाढते? मग उघडेच ठेवा.

एक मात्र पक्कं : सुईपाशी जळजळ, सूज झाली तर ती शांतपणे न्याहाळत बसू नका. औषध शिरेबाहेर जात असेल, सिस्टरांना त्याच क्षणी सांगा.

ध्यानाने गाठ विरघळत नाही. घालमेल कमी होते, झोप जरा बरी लागते, आणि माझ्या मते तेवढ्यासाठीही ते करावंच. किमो चुकवून मात्र नाही.

तोंड आलं असेल तर ठेचा बंद. ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ, पाव चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाचदा गुळण्या करा.

आणि घरी ताप 100.4 फॅरनहाइटला गेला तर गोळी देऊन सकाळच्या एसटीची वाट बघू नका. किमोमुळे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी असतात. रात्रीच दवाखाना गाठा.