आपली हाडं मुळातच कमजोर असतात का?

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा मशीनवर मी काम करते. रिपोर्टवरच्या लाल पट्ट्यात आपली खूण दिसली की बायका हमखास विचारतात, "ताई, आपल्या लोकांची हाडं मुळातच कमजोर असतात का हो?" परदेशातून सुट्टीला आलेल्या मुली आईच्या रिपोर्टवरून तेच विचारतात. एशियन म्हणजे धोका जास्त, असं त्यांनी तिकडे ऐकलेलं असतं. पुढचा पेशंट दाराशी उभा असताना याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

आधी तो आकडा. निरोगी तरुणपणीच्या घनतेपेक्षा तुमची घनता किती खाली आहे, हे टी-स्कोअर सांगतो. उणे 2.5 किंवा त्याखाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेने 1994 मध्ये आखली. पण तरुणपणीची घनता कुणाची धरायची? खुब्यासाठी सर्रास वापरला जाणारा संदर्भ अमेरिकेतल्या 20 ते 29 वयाच्या गोऱ्या बायकांचा आहे. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) भारतीयांची वेगळी मापं काढली आहेत, आणि ती लावली की लाल पट्ट्यात जाणाऱ्यांची संख्या कमी होते.

त्यात मशीनची एक मर्यादा आहे. ते हाडाची लांबी-रुंदी बघतं, जाडी त्याला दिसत नाही. समजा, अगदी एकाच घट्टपणाचे दोन घन आहेत, एक घन सेंटिमीटरला एक ग्रॅम वजनाचे. 3 सेंटिमीटर बाजूच्या घनाचं वजन 27 ग्रॅम, समोरून दिसणारं क्षेत्रफळ 9, म्हणून मशीनच्या हिशोबाने घनता 27 भागिले 9, म्हणजे 3. 2 सेंटिमीटरच्या घनाचं वजन 8, क्षेत्रफळ 4, घनता 2. माल तोच, पण लहान घन कमी घनतेचा ठरला. आपल्याकडच्या बुटक्या, बारीक चणीच्या बायकांचं असंच होतं. लहान हाड भारही कमी पेलतं, त्यामुळे रिपोर्ट खोटा आहे असं म्हणून तो कपाटात टाकू नका. पण त्यावरून तुमची हाडं जात्याच कच्ची ठरत नाहीत.

आणि घनता म्हणजे सगळं नव्हे. चिनी वंशाच्या बायकांची घनता गोऱ्या बायकांपेक्षा कमी भरते, तरी त्यांचा खुबा कमी मोडतो. त्यांच्या खुब्याच्या हाडाची लांबी कमी असते आणि हाडाचं बाहेरचं कवच जाड. उलट खुबा मोडण्याचं प्रमाण जगात सर्वांत जास्त कुठे, तर डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन या उंच माणसांच्या, दुधातुपाच्या देशांत. हाँगकाँगमध्ये 1960 च्या दशकापासून 1980 च्या दशकापर्यंत हे प्रमाण झपाट्याने वाढलं. माणसं त्याच वंशाची होती, बदललं ते राहणीमान.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची हकिकत मला फार अस्वस्थ करते. त्यांची घनता सरासरीने जास्त आणि फ्रॅक्चर कमी. मग यांना काही होत नाही, असं गृहीत धरलं गेलं. त्यांच्या बायकांची तपासणी कमी होते, हाड मोडल्यावरही औषध कमी जणींना मिळतं, आणि फ्रॅक्चरनंतर दगावण्याचं त्यांचं प्रमाण गोऱ्या बायकांपेक्षा जास्त आहे. वंशाच्या सरासरीवरून माणसाला जोखलं की असं होतं.

आता आपल्याकडे या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने गरीब वस्तीतल्या 30 ते 60 वयाच्या बायकांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या रोजच्या जेवणात कॅल्शियम निघालं जेमतेम 270 मिलिग्रॅम. प्रौढांना हवं 1000, पाळी गेलेल्या बाईला 1200. हाडं कमी भरणारच! पाळीही आपल्याकडे सरासरी 46-47 व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांपेक्षा काही वर्षं आधी. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत साडेचार हजारांहून अधिक बायकांची गर्भपिशवी काढली गेल्याचं 2019 मध्ये विधिमंडळात सांगितलं गेलं. त्यांत ऊसतोड करणाऱ्या कितीतरी जणी होत्या, काही तर तिशीतल्या. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं की हाडं जपणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक एकदम थांबतं आणि हाड झिजायला लागतं. अंडाशय ठेवलं तरी पाळी जाण्याचे बदल लवकर सुरू होऊ शकतात. अशा बाईच्या रिपोर्टवर 'वंश: एशियन' एवढंच लिहून भागवणं मला अन्याय वाटतो.

ब्रिटनमधल्या ग्लासगोत 1960-70 च्या दशकांत भारत-पाकिस्तानातून गेलेल्या कुटुंबांतल्या मुलांना मुडदूस, म्हणजे हाडं मऊ पडून वाकण्याचा आजार, व्हायचा. सावळी कातडी, तिथलं अपुरं ऊन, कॅल्शियम शोषू न देणारं फायटेट असलेल्या पिठाच्या चपात्या, अशी कारणं त्यामागे होती. ड जीवनसत्त्वाचे डोस वाटले गेले, मुडदूस कमी झाला. इथेही वंश तोच होता.

म्हणून मला विचारलंत तर सांगेन: अनुवंश आहेच, पण तो बघायचा स्वतःच्या घरात. आईचा किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का? तुमची पाळी 45 च्या आत गेली का, पिशवी काढताना अंडाशय काढलं होतं का? (ऑपरेशनचा कागद शोधा, बऱ्याच जणींना हे माहीतच नसतं.) दम्यासाठी किंवा संधिवातासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या बरेच महिने घेतल्यात का? पन्नाशीनंतर नुसतं घरात पाय घसरून मनगट मोडलं होतं का? मोडलं असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा, टी-स्कोअर लाल पट्ट्यात नसला तरी सांगा.